जावळाची टोपडी

"माझ्या केंद्रातलं एक जरी पोर तुमच्या मशीनला ओळखू आलं नाही, तर नाव बदलीन मी," असं आम्रपालीताईनं भर मीटिंगमध्ये सांगितलं, आणि दिमाखात खाली बसताना शेजारच्या बाईच्या पर्सवर बसली. पर्समध्ये चष्मा होता. तो मोडला. आम्रपालीच्या घरात शकुन-अपशकुन मानत नाहीत, त्यामुळं तिनं त्याचा दोष चष्म्याच्या काड्यांना दिला आणि टाळ्या घेतल्या.

मीटिंग करंजटेक नगरपरिषदेच्या वरच्या हॉलमध्ये होती. करंजटेक म्हणजे मोशीच्या पुढं आणि चाकणच्या अलीकडं. काल-परवापर्यंत ग्रामपंचायत होती, मग शेतांत इतक्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या की तिला नगरपरिषद करावीच लागली. नगरपरिषद झाल्यावर आधी कमान झाली. मग कमानीवर दिवे झाले. मग कुणाला तरी आठवलं की कंपनीत जाणाऱ्या बायकांच्या पोरांसाठीही काहीतरी करायचं असतं, तेव्हा पाण्याच्या टाकीखालची पंपाची खोली रिकामी करून तिथं पाळणाघर काढलं.

खोली नगरपरिषदेची. खेळणी एका कंपनीच्या समाजसेवेच्या पैशातली. आम्रपाली आणि तिची मदतनीस सोजरबाई ठेकेदाराच्या. आणि पोरं आपापल्या आयांची. चौघांत अशी वाटणी असल्यामुळं छताचा पंखा कुणाचा, हे दोन उन्हाळे झाले तरी ठरलं नव्हतं. तो लटकत होता, फिरत नव्हता. नगरपरिषद म्हणायची, पंखा ही सोय आहे, सोयी ठेकेदाराच्या. ठेकेदार म्हणायचा, पंखा भिंतीला नाही तरी छताला लागलाय, म्हणजे बांधकामात येतो. कंपनीवाले म्हणायचे, आम्ही फक्त खेळणी देतो, हवं तर भिंगरी देऊ. त्यांनी दिली पण. सोजरबाई त्या भिंगरीनं वारा घ्यायची.

तर त्या मीटिंगमध्ये ठेकेदाराचा सुपरवायझर सुजित सर नवीन ॲप घेऊन आला होता. नाव 'बालनेत्र'.

"हे बघा ताई लोक," तो म्हणाला, "पुढच्या वर्षीची मंजुरी आता कागदावर नाही, चेहऱ्यावर आहे. पोर आलं की फोन समोर धरायचा. बालनेत्र चेहरा ओळखणार, हजेरी डायरेक्ट वर जाणार. निम्म्यापेक्षा कमी चेहरे दिसले की केंद्र निष्क्रिय. निष्क्रिय म्हणजे कुलूप."

कुलूप म्हणजे काय, ते आम्रपालीला नीट ठाऊक होतं. तिचे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात मशीनवर होते, आणि एक दिवस गेटला कुलूप बघून जेवणाचा डबा तसाच घेऊन घरी आले होते. आता कुलूप लागलं तर तिची आणि सोजरबाईची नोकरी जाणार होतीच, पण टाकीखाली पोर ठेवून चाकणची बस धरणाऱ्या सगळ्या बायकांचं काम जाणार होतं. त्यात पहिली सुमन. बीडकडची, गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर उभी राहणारी, नवरा ट्रकवर, घरात दुसरं माणूस नाही. फर्स्ट शिफ्टची बस कमानीपाशी यायची तेव्हा सुमन एका हातानं करिष्माला आम्रपालीकडं द्यायची आणि दुसऱ्या हातानं बसचा दांडा धरायची.

म्हणून तर आम्रपालीनं पैज मारली. मारण्यासारखी होतीही. नोंदणी झाली त्या आठवड्यात तिच्या केंद्रावर एकही पोर सुटलं नाही. सोजरबाई फोनच्या मागं खुळखुळा वाजवायची, पोर बघायचं, आणि फोनमधली बाई शुद्ध मराठीत म्हणायची, "बालकाचा चेहरा स्वीकारला. बालक गोंडस आहे." नगरपरिषदेनं खूश होऊन 'आदर्श केंद्र' असा मोठा फ्लेक्स लावला. त्यावर आम्रपालीचा फोटो तिच्या खऱ्या डोक्यापेक्षा चौपट मोठा होता.

मग चैत्र आला.

सुमनच्या गावाकडच्या बायका, म्हणजे केंद्रातल्या निम्म्याहून जास्त पोरांच्या आया, एका टेंपोत बसून गावच्या जत्रेला गेल्या. जाताना सुमन म्हणाली होती, "ताई, सोमवारी येतो. नवस हाय लेकरांचा." आम्रपालीनं प्रवासात बिस्किटं नीट झाकून न्या म्हणून सांगितलं. नवस कसला, हे विचारायचं तिला सुचलं नाही. तिच्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यांच्या घरात नवस नाही, जत्रा नाही आणि पोरांचे केस सलूनमध्ये कापतात.

सोमवारी सकाळी टाकीखाली जत्रेला गेलेली सगळी पोरं रांगेत आली. सगळ्यांच्या डोक्यावर जत्रेतून घेतलेली एकसारखी पिवळी टोपडी, हनुवटीखाली नाडी बांधलेली. आम्रपालीनं पहिलं टोपडं सोडलं. आत तुळतुळीत डोकं, त्यावर हळदीचं स्वस्तिक. दुसरं सोडलं. तसंच. तिसरंही तसंच. टोपडी संपेपर्यंत तिच्यापुढं नारळांचा ढीग मांडावा तशी डोकी बसलेली होती.

"हे काय झालं?" ती म्हणाली.

"जावळ काढलं की," सोजरबाई म्हणाली. सोजरबाई मूळ करंजटेकची, तिची शेती आता एका बिल्डिंगच्या पार्किंगखाली आहे. "येकाच द्येवाची समदी. मामाच्या मांडीवर बसवत्यात आन् वस्तरा फिरवत्यात. तुला ठावं न्हवतं व्हय?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला ठावं आसायला काय. तू इचारलं न्हाईस. तुझं मशीन शानं, तू शानी, म्या मधीच कशाला त्वांड घालू."

आम्रपालीनं फोन धरला. फोनमधली बाई म्हणाली, "बालकाचा चेहरा आढळला नाही. कृपया बालकास स्थिर करावे." बालक स्थिर होतं. बालक फोनकडं बघून जांभई देत होतं. पुढचं धरलं. आढळला नाही. मग तिनं करिष्माला धरलं, आणि फोन आनंदानं म्हणाला, "करिष्मा, वय दोन वर्षे. उपस्थित."

कारण करिष्माला मुळातच केस नव्हते. दोन वर्षांची झाली तरी डोक्यावर नुसती भुरभुर. नोंदणीच्या फोटोतही ती टकलीच होती. तिचं जावळ काढायला न्हाव्याला वस्तऱ्यापेक्षा फुंकर पुरली असती.

आम्रपालीला हायसं वाटलं. तिनं परत पहिल्यापासून सुरुवात केली. पण फोनला आता टक्कल म्हणजे काय ते नीट कळलं होतं. बंटीला धरलं, फोन म्हणाला, "करिष्मा. आधीच उपस्थित आहे." भिवाला धरलं. करिष्मा. भिवानंतरचं पोर तर रडत होतं, तेही करिष्मा. तेवढ्यात टाकीचा रखवालदार ज्योतीराम पाण्याचा जार घेऊन आत आला. ज्योतीराम साठीकडं झुकलेला, डोकं गुळगुळीत, पुढचे दोन दात नाहीत. जार ठेवायला तो वाकला आणि वाकता वाकता फोनकडं बघून हसला.

"करिष्मा," फोन म्हणाला. "आधीच उपस्थित आहे. बालक गोंडस आहे."

"मला म्हणाली का?" ज्योतीरामनं विचारलं. त्याला आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. तो दुपारपर्यंत दोनदा परत पाण्याचा जार बघायला आला.

संध्याकाळी त्याहून वाईट झालं. एकसारखी टोपडी, एकसारखी टकली, सगळी शेंबडी. आम्रपालीनं घाईघाईत बंटीच्या आईच्या कडेवर भिवा दिला. ती आठवडी बाजारापर्यंत पोचली तेव्हा भिवानं तिला "काकी" म्हणून हाक मारली, म्हणून कळलं. ती परत आली ती बोलतच.

"मशीन सोडा ताई, तुमाला बी ओळखू येईनात व्हय आमची लेकरं?"

फ्लेक्सवरची चौपट आम्रपाली हसत होती.

तिनं सुजित सरला फोन लावला.

"ताई, हे सिस्टीमचं आहे. माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हातात काय असतं सर?"

"फॉलो-अप," सुजित म्हणाला. "नवीन फोटो जूनमध्ये घेता येतील. तोपर्यंत विंडो बंद आहे."

"आणि मंजुरी?"

"ती एप्रिलच्या हजेरीवर. पडताळणीला जिल्ह्याहून मॅडम येणारेत, मे लागायच्या आधी. तोपर्यंत केस वाढतील असं बघा ना. तेल-बिल लावा."

मग ती नगरपरिषदेत गेली. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "या बायका कामाला कुठं?" चाकणला, ती म्हणाली. "मग खरं तर ही जबाबदारी तिकडची," साहेब म्हणाले. तिकडच्या मोठ्या कंपनीच्या गेटवर तिला सांगितलं, बायका आमच्या नाहीत, लेबर ठेकेदाराच्या आहेत. आणि लेबर ठेकेदाराच्या ऑफिसात गेली तर तिथं सुजित सर बसलेला. ठेकेदार एकच होता. बायकाही त्याच्याच, आम्रपालीही त्याचीच, ज्योतीरामही त्याचाच.

"बोला ताई," सुजित म्हणाला. "फॉलो-अप चालूच आहे."

रोज सकाळी एवढी पोरं यायची, खिचडी खायची, पसरायची, आणि नगरपरिषदेच्या हिशोबी टाकीखाली करिष्मा आणि जत्रेला न गेलेली, सलूनवाली चार-पाच पोरं एवढीच असायची. गुरुवारी फोनवर लाल पट्टी आली: निष्क्रियतेकडे वाटचाल.

"क्यास पायजेत ना तुझ्या मशीनला?" सोजरबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "हायेत की मग."

"कुठं आहेत?"

"आगं जावळाचं क्यास आत्यानं पदरात झेलायचं आन् व्हात्या पान्यात सोडायचं आसत्यात. त्यांच्या गावची नदी कोरडी. म्हनून समद्यांनी फडक्यात बांधून आनल्यात. आयतवारी सुट्टी आसली की इंद्रायनीत सोडनार हायेत. आजून घरातच हायेत."

आम्रपालीनं तिच्याकडं बघितलं. शेजारी पिवळी टोपडी वाळत घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आयांकडून पुरचुंड्या मागून घेतल्या. नदीत मी सोडते, तुम्ही शिफ्ट बुडवू नका, असं सांगितलं. बायकांनी आशीर्वाद दिले. दुपारी पोरं झोपली की दोघी सतरंजीवर सुई-दोरा घेऊन बसायच्या. बंटीचे केस बंटीच्या टोपड्याला, भिवाचे भिवाच्या. जावळाचा केस म्हणजे रेशीम, दोऱ्यात थांबेना. मग सोजरबाईनं गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि केस आधी चिकटवून मग टाके घातले. सगळी टोपडी तयार झाली तेव्हा खुंटीवर मांजरं टांगल्यासारखी दिसत होती.

सोमवारी आम्रपालीनं श्वास रोखून बंटीच्या डोक्यावर बंटी चढवला आणि फोन धरला.

"बंटी. उपस्थित."

भिवा उपस्थित. सगळे उपस्थित. लाल पट्टी पिवळी झाली, मग हिरवी झाली. आम्रपालीनं सोजरबाईच्या पाठीवर थाप मारली, आणि सोजरबाईच्या हातातली चहाची किटली सांडली. तिकडं कुणी लक्ष दिलं नाही.

आया यायच्या आधी टोपडी उतरवून ठेवायचं ठरलं होतं, पण सुमन त्या दिवशी शिफ्ट लवकर सुटल्यामुळं लवकर आली, आणि दारातच थबकली. करिष्मा टोपड्यावर चिमूटभर केस मिरवत बसली होती. तिला गरज नव्हती, पण सगळ्यांना आहे म्हणून तिनं रडून मागून घेतलं होतं.

"ताई," सुमन म्हणाली, "हे काय करायलात तुमी?"

आम्रपालीनं सांगितलं. लाल पट्टी, मंजुरी, कुलूप, सगळं.

"देवाला दिलेलं आसतंय ते. डोक्यावरून उतरलेलं परत डोक्यावर ठिवत्यात का? नवस उलटला म्हंजे?"

"कुलूप लागलं तर करिष्माला कुठं ठेवशील सुमन?"

सुमन खाली बसली. करिष्माच्या टोपड्याची नाडी तिनं सोडली, परत बांधली.

"मॅडम येऊन गेल्या की लगेच सोडा नदीत," ती शेवटी म्हणाली. "देवाला मी सांगते, शिफ्टमुळं उशीर झाला म्हणून. त्याला बी ठाव आसंल कंपनी कशी आसती. बाकीच्यांना बोलू नका."

पडताळणीच्या मॅडम आल्या तो दिवस कडक उन्हाचा होता. मॅडमना घाम येऊ नये म्हणून नगरपरिषदेनं सकाळीच वायरमन पाठवला. दोन उन्हाळे कुणाचाच नसलेला पंखा त्यानं चहा निवायच्या आत जोडला. रेग्युलेटर मात्र स्टोअरमध्ये नव्हता. "डायरेक्ट जोडलाय," तो म्हणाला. "एकच स्पीड. आमच्या साहेबांच्या कॅबिनला पण असलाच आहे."

"बटन आता दाबू नका," आम्रपाली म्हणाली. "मॅडम आल्या की दाबू. तेवढंच नवीन दिसेल."

मॅडम चांगल्या होत्या. हेच वाईट झालं. त्या आल्या, चप्पल बाहेर काढली, पोरांमध्ये मांडी घालून बसल्या, सुजित सरला दारात उभं केलं. आम्रपालीनं एकेकाला फोनसमोर धरलं. बंटी, भिवा, सगळे. एक पोर सुटलं नाही. मॅडमनी मान हलवली, म्हणाल्या, "अशी शंभर टक्के हजेरी मी कुठंच बघितली नाही. पुढच्या वर्षीचं मी आजच लिहून टाकते. आहार चाखू आणि सही करू." सोजरबाईनं खिचडीचं पातेलं आणून मधोमध ठेवलं आणि झाकण काढलं. मॅडमनी पदरानं कपाळ पुसलं.

"मॅडमना गरम होतंय," सुजित सर म्हणाला, आणि दिवसभरात त्यानं स्वतःच्या हातानं केलेलं एकमेव काम केलं. त्यानं बटन दाबलं.

पंखा आधी कण्हला, मग फिरला, मग विमानासारखा सुटला. दोन वर्षांची धूळ आधी आली. उन्हानं खळ वाळून पापड झाली होती, ती तडकली. बंटीचे केस उठले. मग भिवाचे उठले. मग सगळ्यांचेच केस एकदम उठले, आणि टाकीखालच्या खोलीत काळा पाऊस पडावा तसं जावळ फिरायला लागलं. पोरांना इतकी मजा कधी आली नव्हती. ती टाळ्या वाजवत केस पकडायला धावली, टोपडी मानेवर आली, खाली हळद पुसट झालेली टकली चमकायला लागली. आम्रपाली केसांच्या मागं धावली, सोजरबाई झाकणाच्या मागं. बटन बंद केलं तेव्हा सगळं हळूहळू खाली बसलं. बहुतेक पातेल्यात बसलं.

मॅडमच्या हातात चमचा होता. तोंडात घास होता. त्यांनी दोन बोटांनी ओठातून एक लांब, मऊ केस ओढून काढला आणि उजेडाला धरून बघितला.

"ह्यो बंटीचा," सोजरबाई हळू आवाजात म्हणाली. तिला मदत करायची होती.

अहवालात मॅडमनी काही वाईट शब्द वापरले नाहीत. जे दिसलं ते लिहिलं. आहारात मोठ्या प्रमाणात केस आढळले. बालकांच्या डोक्यावर केस आढळले नाहीत. केसांचा उगम समजून आला नाही. शिवाय करिष्मा ही बालिका एकाच दिवशी अनेक वेळा उपस्थित दाखवून लाभ घेतल्याचा संशय. ठेकेदाराकडून पत्र येण्याआधी कुलूप आलं. सुजित सरनं ते स्वतः लावलं नाही, ज्योतीरामकडून लावून घेतलं.

सगळ्यांचे केस एकत्र झाले होते. कुणाचं कुठलं ते सोजरबाईलाही सांगता येईना. आम्रपालीनं ते सुपात भरले आणि सुमनला बरोबर घेऊन मोशीच्या घाटावर गेली. इंद्रायणीवर फेस होता, गुडघाभर, पांढरा. केस सोडले तर ते फेसावरच बसून राहिले. दोघी थोडा वेळ थांबल्या. केस गेले नाहीत, म्हणून मग दोघी गेल्या.

"देवाला काय सांगितलंस?" आम्रपालीनं वाटेत विचारलं.

"अजून काय नाई," सुमन म्हणाली. "तो बी म्हणंल, माझ्या हातात नाई."

त्या आठवड्यात सुमननं करिष्माला गावाला सासूकडं सोडलं आणि एकटी परत येऊन लाइनवर उभी राहिली. करिष्मा फोनवर आईचा आवाज ऐकून फोनच्या मागं बघते, असं सासू सांगते. बंटीच्या आईनं काम सोडलं. भिवाच्या आईनं रात्रपाळी मागून घेतली. दिवसा ती पोराला ओढणीनं स्वतःच्या पायाला बांधून झोपते. सोजरबाई बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, म्हणजे आपल्याच शेतात, गाड्या पुसते. आम्रपालीला ठेकेदारानं चाकणच्या एका कंपनीत संडास-बाथरूमच्या साफसफाईवर लावलं. तिथं हजेरीला अंगठा चालतो, याचं तिला बरं वाटतं. पंखा काढून साहेबांच्या कॅबिनला नेला, कारण आता तो नगरपरिषदेचा असल्याचं ठरलं होतं. टाकीखालच्या खोलीत जुने फ्लेक्स ठेवतात. आदर्श केंद्राचा फ्लेक्स सगळ्यात मोठा असल्यामुळं इतरांवर झाकण म्हणून घातलाय.

जूनमध्ये विंडो उघडली. बंटीला, भिवाला, सगळ्यांना बोटबोटभर केस आले होते.

नगरपरिषदेनं बालनेत्रचा पुरेपूर उपयोग व्हावा म्हणून त्याच महिन्यापासून रखवालदारांची हजेरीही त्यावर सुरू केली. पहिल्या दिवशी ज्योतीराम दाढी करून फोनसमोर उभा राहिला आणि हसला. फोननं करिष्मा, वय दोन वर्षे, उपस्थित अशी नोंद घेतली. ज्योतीरामची गैरहजेरी लागली.